मावशीचा बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा

मावशीला आता धड दिसत नाही, म्हणून ती जुनाच कॅमेरा धरून बसलीय, असं आमच्या गल्लीत सगळे बोलतात. साफ खोटं. मी तिच्या पाठीमागे तिची नक्कल केली तरी तिला स्टुडिओच्या शोकेसच्या काचेत दिसते. कॅमेरा जुना आहे, बारा मेगापिक्सेलचा, एवढंच खरं.

हॉस्पिटलच्या नव्या इमारतीत निवृत्त होणाऱ्या मोठ्या सिस्टरांचा आठ फुटी फोटो लागणार होता. हे काम गेलं तर स्टुडिओला कुलूप, असं मावशीने घरात सांगूनच टाकलं होतं. आणि हॉस्पिटलचा मॅनेजर नाकातून म्हणत होता, "ताई, बारात काय होणार? पोरांच्या फोनला एकशे आठ असतात."

"मग दोन्हींनी काढू," मावशी म्हणाली.

अंधुक वॉर्डात सिस्टरांचा एक फोटो मी माझ्या नव्या फोनने काढला, एक तिने. अख्खा फोटो छापण्याआधी ती नेहमी भिंतीवर लागणार त्याच मापात फक्त डोळ्यांची पट्टी छापून बघते. तशा दोन पट्ट्या मॅनेजरने भिंतीवर चिकटवल्या आणि मावशीच्या पट्टीला जवळजवळ नाकच लावलं.

"यात ठिपके दिसतात की. आणि हा फोनचा बघा, कसा गुळगुळीत."

मावशी लेन्सचं झाकण नुसतं काढत होती, लावत होती.

"गेलं काम," मी कुजबुजले. "लाव पैज, फोनच जिंकतो."

"लावली. हरलीस तर आठवडाभर नकला बंद, स्वतःच्या आवाजात बोलायचं." मग ती मॅनेजरकडे वळली. "साहेब, पेशंट काय भिंतीला नाक लावून बघणार आहेत? जरा दाराशी या."

तो दहा पावलं मागे गेला. तेवढ्यात खुद्द सिस्टर आल्या आणि माझ्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही मेणाची बाई कोण?"

दुसऱ्या पट्टीतले ठिपके तिथून दिसतच नव्हते. दिसत होत्या पापण्या, सुरकुत्या, जागरणाने सुजलेले डोळे.

"फोनचं भिंग नखाएवढं," मावशी म्हणाली. "उजेड कमी पडला की उरलेलं तो मनाने रंगवतो. आकडा कितीही असो."

"तुमचाच छापा," मॅनेजर म्हणाला. इतकं सुरेख नाकातून म्हणाला, आणि घरी येऊन मला ते साध्या आवाजात सांगावं लागलं.