निवळलेल्या तळ्याकाठची येळवस

हुमनाबादच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझा पारा चढला होता. लातूरहून निघालेली बस वाटेत दोनदा बंद पडली होती. न्यायला आलेले नागनाथअण्णा मात्र मोटारसायकलला टेकून निवांत उभे होते. "या सर. आज येळवस हाय, जेवूनच जायाचं," म्हणाले. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. या दिवशी इकडचं अख्खं गाव शेतात जेवतं.

मी तीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं. अण्णांनी गावच्या तळ्याच्या तोंडाशी खड्डा खणून त्यात जलपर्णी वाढवली आणि पाणी निवळलं, हे ऐकून आलो होतो. वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढणारी एक शेड आहे. तिचं पाणी नाल्याने खाली येतं. जलपर्णी त्यातलं शिसं ओढते, बरंचसं मुळांतच दाबून ठेवते आणि वर हिरवीगार दिसते.

अण्णांनी एक रोप उपटून दाखवलं. खाली काळ्या मुळांचा झुपका लोंबत होता. "दर पंधरा दिसाला काढायलोय," ते म्हणाले. मी खुशीत फोटो काढले आणि सहज विचारलं, "काढलेल्याचं काय करता?"

"खत. वाया कामून घालवायचं?" त्यांनी बोट दाखवलं. तळ्याकाठी मेथी, चुका, पालक माजला होता. मी फोटो काढायचा थांबलो.

शेतात कोप (कडब्याची झोपडी) उभी होती. आत पांडव म्हणून पाच दगड पूजेला मांडलेले, बाहेर चुलीवर सुमनअक्का, अण्णांच्या पत्नी, भज्जी ढवळत होत्या. येळवसची भज्जी म्हणजे पालेभाज्या आणि तूर-हरभऱ्याचे ओले दाणे बेसनात शिजवलेले. शेजारी त्यांची सून अंबील (ताकातलं ज्वारीचं पेय) गाळत होती. तिला सातवा महिना होता. बांधावरून पाहुणे येताना दिसत होते. गप्प बसावं, असं मला क्षणभर खरंच वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

"अक्का, ही भज्जी कुणाला वाढू नका."

पळी थांबली. "कामून? आंघोळ करूनच केलीय की."

मी सांगितलं. अण्णा भडकले. "आमी तळं निवळलं, अन् तुमी त्याला इख म्हणायलाव?"

"पाण्यातलं शिसं गेलं कुठं, अण्णा? मुळांत. मुळं कुजवली, मातीत आलं. भाजीत किती उतरलं ते तपासल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही."

अक्का सुनेकडे बघत होत्या. "दोन म्हैने हिला हीच मेथी खाऊ घालायलेय मी. रगत वाढावं म्हणून."

उद्याच तिला बिदरला नेऊन रक्त तपासून घ्या, एवढंच मला सुचलं. सून मान खाली घालून अंबील गाळत राहिली.

अक्कांनी स्वतः पातेलं उतरवलं. पाहुण्यांना भाकरी, उंडे (पिठाचे उकडलेले गोळे) आणि अंबील वाढली. पातेलं कुठे रिकामं करायचं, हे मात्र ठरेना. गुरांना नको, कुत्र्यांना नको, वावरात तर नकोच. शेवटी झाकण ठेवून ते बाजूला सारलं. तपासणीसाठी मी एक डबा भरून घेतला.

परतीच्या बसमध्ये डबा मांडीवर होता. तीस वर्षं मी 'जलपर्णी जड धातू शोषून घेते' या उत्तराला पूर्ण गुण दिले. त्यानंतर त्या जलपर्णीचं काय करायचं, हे ना मी विचारलं, ना कुण्या विद्यार्थ्याने. संताप येत होता, आणि तो माझाच मला येत होता.

शेजारी एक म्हातारा हमाल येऊन बसला. वास घेऊन हसला. "भज्जी व्हय? वाढा की थोडी. आमाला कुठलं शेत."

येळवसला मागणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही. मी डब्यावर हात ठेवला आणि नाही म्हणालो. खरं कारण मी सांगू लागलो, पण तोवर तो उठून मागच्या सीटवर गेला होता.