बोरीला सांगून येणारे आबा

छाटणीच्या आदल्या संध्याकाळी आबा मोकळ्या हातांनी यायचे. कोयता नाही, करवत नाही. फाटक उघडून सरळ बोरीपाशी जायचे, खोडावर हात ठेवून म्हणायचे, "सकाय येस, माय." म्हणजे उद्या येतो. मग माझ्याकडे न पाहता निघून जायचे. झाड माझ्या आवारात, निरोप मात्र झाडाला.

नरडाण्याच्या एका कारखान्यात बाग सांभाळून ते निवृत्त झाले आणि पिंप्राळ्यात, आमच्या मागच्या गल्लीत, लेकीकडे राहायला आले. मी शाळेत विज्ञान शिकवलेलं. पहिल्याच वर्षी विचारलं, "आबा, झाडाला कळतं का?"

"ते माले काय माहीत," ते म्हणाले. "पन न सांगता कोनावर कोयता चालावाना नही."

छाटणी मात्र निर्दय. बोरं नव्या फुटीवर धरतात, म्हणून भर उन्हाळ्यात पानं गळाली की ते बोरीला पार बोडकी करायचे. आमची ही पहिल्यांदा ते पाहून रडवेली झाली. "आबा, काही ठेवलंत का झाडाचं?"

"मुळे शेतस ना," कापलेल्या जागी शेणमाती लिंपत आबा म्हणाले. मुळं आहेत ना, मग झालं.

काटेरी फांद्या ते स्वतः गोळा करायचे. तरी त्या दिवशी गल्लीतली एखादी स्कूटी पंक्चर व्हायचीच आणि बोलणी मी खायचो. संक्रांतीला तेच शेजारी पिशव्या घेऊन बोरं मागायला हजर. असे शेजारी तुम्हालाही असतील.

गेल्या वर्षी आबा असेच सांगून गेले आणि सकाळी आलेच नाहीत. न्हाणीत पडून मांडीचं हाड मोडलं होतं. मुलगा त्यांना नरडाण्याला घेऊन गेला. मी दुसरा माणूस शोधायला लागलो. आठ दिवसांनी त्यांची लेक फोन घेऊन आली. "आबा नीट जेवत नाहीत. बोरीचंच बोलतात."

फोनवर आवाज बारीक झाला होता. "भाऊ, मी तिले सांगेल शे. ती वाट दखत व्हई. फोन तिना जोडे लई जा."

मला हसू आलं, पण नाही म्हणवेना. स्पीकर लावून फोन खोडाला टेकवला. समोरच्या गच्चीवर बायका पापड वाळत घालत होत्या, त्यांचे हात थांबले.

"माय, मी येवाव नही," आबा झाडाला सांगत होते. "मना शबद मोडना. आते भाऊ कापी. त्याना हात कच्चा शे, संभाळी ले."

दुसरा माणूस शोधणं मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून मीच छाटणी केली. धीर झाला नाही, वरच्या फांद्या तशाच राहिल्या. लेकीने फोटो पाठवला. त्यावर आबांचा निरोप आला, "भाऊनी तर तिनी नुसती वेनी घाली दिन्ही." त्या दिवशी ते पोटभर जेवले म्हणे.

श्रावणात आबा गेले. संक्रांतीला खालच्या फांद्यांवर मोठी बोरं आली, वर बारीक आणि आंबट. माझी चूक त्यांनी पाहायला हवी होती, असं फार वाटलं.

काल संध्याकाळी बोरीपाशी गेलो. कोयता घरातच ठेवला होता. गच्चीवर कोणी नाही हे आधी पाहून घेतलं आणि खोडावर हात ठेवला. "उद्या येतो," एवढंच म्हणायचं होतं. पण ते तिच्या ओळखीचं नव्हतं.

"सकाय येस, माय," मी म्हणालो.