भिंतीतला पिंपळ

डहाणूला आनंदीबाईंच्या बंगल्यात न्हाणीघरामागच्या भिंतीत पिंपळ उगवला. येता-जाता सगळे बघत, हात कोणी लावीना. शेवटी त्याची मुळं पाइपात शिरली आणि मोरीतून काळं पाणी उलटं घरात यायला लागलं. मग आशागडच्या सुकीला निरोप गेला.

सुकी त्यांच्या चिकूवाडीत मजुरीला जायची. चिकू तोड, गवत काढ, मेलेली घूस उचलून टाक. जे इतरांना नको, ते सुकीला. आजही तिने मोरी उपसली. केसांचे गुंते, साबणाचा बुळबुळीत थर. दोनदा ओकारी आली, ती तिने गिळली.

"आता तेवढा पिंपळ उपट, मुळासकट," आनंदीबाई दारातूनच म्हणाल्या. नाकाला पदर होता.

कोयता उचलता उचलता सुकी थबकली. "जतीनभाऊला सांगा ना, बाय."

"वेडी का गं? सूनबाई पोटुशी आहे. घरातल्या कोणी तोडला तर बाळाला लागेल."

"माजी बारकी लेक पन पोटाशी हाय. पयलं पोर जल्मताच गेलं तिचं, तुमाला ठावं हाय."

"अगं, तुम्हा लोकांत कुठे असतं हे सगळं!"

सुकीच्या पाड्यावर उंबराची फांदी रोवल्याशिवाय लग्न लागत नाही. पण हे सांगायचं कोणाला?

आनंदीबाईंचा मुलगा जतीन बाहेर डोकावला. "मावशी, झाडच आहे ते, देव नाही. ओढा नि मोकळ्या व्हा."

"मंग तू ओढ, भाऊ."

जतीन मोबाइलकडे बघत आत सटकला.

आनंदीबाई ताटलीत हळदकुंकू आणि नारळ घेऊन आल्या. पिंपळाला कुंकू लावून पुटपुटल्या, "तोडणारीचं तोडणारीला. आमच्या घराला दोष नको." मग हसून नारळ सुकीपुढे धरला. "हा बारकीच्या ओटीत घाल हो."

मोरीत कोपरापर्यंत हात घालताना आली नव्हती, एवढी किळस सुकीला त्या कुंकू लागलेल्या नारळाची आली. पोटुश्या पोरीच्या ओटीत घालायला देतात, आणि वर हसतात!

नारळाला हात न लावता तिने कोयता खाली ठेवला. "मोरी उपसली, बाय. हे नाय होयाचं माज्याच्यानं."

"मग उद्यापासून वाडीत पाय ठेवू नकोस."

"नाय ठेवत."

रस्त्यावरच्या नळावर तिने हात मातीने घासले, हुंगले, पुन्हा घासले. घरी पोचली तर बारकी पोट सांभाळत पुढे आली, आईच्या हातातली पिशवी घ्यायला.

"लांब ऱ्हा!" सुकी ओरडली. "शिवू नको मला. आदी आंगोल करू दे."