हट्टी दांडा आणि मामींचा तांब्या

माझ्या मामेसासऱ्यांनी आजवर घरातली एकही वस्तू मेस्त्रीच्या हाती लागू दिलेली नाही आणि त्यांच्या घरातली एकही वस्तू धड चालत नाही. या दोन्ही बाबतींत त्यांचा हात धरणारा माणूस सबंध सेनगावात सापडायचा नाही. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या देवीची पूजा आणि स्वतःची सगळी नोकरी तहसिलीत कारकून म्हणून, त्यामुळे सोवळं आणि फाईल या दोन गोष्टींवर त्यांची सारखीच श्रद्धा. त्यांनी दुरुस्त केलेला पंखा उलटा फिरतो आणि सगळा वारा वर छताला जातो. मी ते एकदा दाखवून दिलं, तर म्हणाले, "उन्हाळ्यात पत्राबी तापतोच की, जावईबापू. त्याला वारा नको व्हय?" कोणतंही यंत्र खोललं की त्याचा प्रत्येक नट ते खाकी पाकिटात घालतात आणि वर कारकुनी अक्षरात नोंद करतात: ‘मागील डावे चाक. नट चार. पैकी एक संशयास्पद.’ मेस्त्री मंडळींवर त्यांचा मुळीच विश्वास नाही. "मेस्त्री गाडीला हातोडा मारतो," असं ते म्हणतात, "पण तिला काय दुखून राहिलं, हे कवाच इचारत न्हाई."

ही गाडी म्हणजे त्यांनी सरकारी लिलावात घेतलेली एक जुनी पांढरी मोटार. आता पांढरी म्हणायचं ते केवळ कागदावर तसं लिहिलंय म्हणून. आमच्या भागात जावई घरी आला की त्याला गादीवर बसवून पुरणपोळी वाढतात. मामांकडं त्याला गोणपाटावर आडवं करतात आणि या गाडीखाली सरकवतात. वर "जावईबापू, तकलीफ न्हाई ना?" असं इतक्या अदबीनं विचारतात की छातीवर तेल ठिबकत असतानाही माणूस "नाही" म्हणून जातो. गाडी किती धक्के देते हे मोजायची त्यांची स्वतःची रीत आहे. मागच्या सीटवर माणूस बसवायचा, त्याच्या मांडीवर काठोकाठ भरलेला तांब्या द्यायचा आणि गाडी बाजारातून फिरवून आणायची. परत आल्यावर ते आधी तांब्यात डोकावून बघतात, मग माणसाकडं. गेल्या दहा वर्षांत त्या सीटवरून मी कोरडा उतरलेलो नाही.

मामींना या साऱ्याची सवय होती. दर दसऱ्याला त्या याच गाडीतून गोरेगावला माहेरी जायच्या आणि तिथल्या देवीची ओटी भरून यायच्या. लग्नानंतर आधी एसटीनं, मग जीपनं आणि पुढं या गाडीनं, पण एकही दसरा चुकला नव्हता. गेल्या वर्षी मात्र त्यांच्या मणक्यात गॅप पडला. डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलं, आणि ही गाडी तर धक्क्यांवरच चालते. ओटीचा खण-नारळ पिशवीत भरून तयार होता, तो तसाच राहिला. नारळ पुढं काढला, पण खणाची ती पिशवी मामींनी खुंटीला अडकवून ठेवली. मामा मात्र वर्षभर त्या खुंटीकडं न बघता घरात वावरायला शिकले. मी माझी नवी गाडी घेऊन येतो म्हणालो तर मामी म्हणाल्या, "माहेरी जाईन त यांच्याच गाडीत. न्हाईतर पिशवी हाय तिथं बरी हाय."

झालं! मामांनी यंदा गाडीचे मागचे पाटे बदलायचं ठरवलं. ज्या लोखंडी कमानींवर गाडीचा सगळा भार असतो, ते हे पाटे. साधा मेस्त्री ते सरळ सोडून नवे बसवतो. मामांनी आधी टिपण तयार केलं. पाटे काढायचे तर मागचा एक्सल खाली घ्यावा लागणार, तो खाली घ्यायचा तर हलका करावा लागणार आणि हलका करायचा तर त्याच्या पोटातले दोन दांडे आधी ओढून काढावे लागणार. प्रत्येक चाकाला आतून एकेक दांडा जोडलेला असतो, मेस्त्री त्याला हाफ शाफ्ट म्हणतात. नवरात्राच्या सुटीत मी बायकोला घेऊन सेनगावला पोचलो तेव्हा गाडी विटांवर चढलेली होती, उजवा दांडा बाहेर येऊन अंगणात ऊन खात पडला होता आणि डावा आतच हटून बसला होता.

दोन दिवस आम्ही त्याची मनधरणी केली. रॉकेल पाजलं, बंबातलं कढत पाणी ओतलं, हातोड्यानं ठोकलं. शेवटी दोर बांधून दोघांनी ओढलं, तेव्हा तो दांडा सोडून बाकी सगळी गाडी आमच्याकडं यायला लागली. शेजारचे ट्रॅक्टरवाले कुंपणावरून म्हणाले, "साखळी लावू का? एका झटक्यात काढून देतो." मामांनी हात जोडले. "दांडा निघंल हो, पण गाडीबी त्याच्यामागं हिंगोलीला जाईल." अष्टमीची संध्याकाळ झाली. उद्या नवमी, परवा दसरा. दांडा उद्यापर्यंत निघाला तरच परवा सकाळी पाटे बसणार आणि मामी जाणार, नाहीतर पिशवी आणखी एक वर्ष खुंटीवर.

आणि नेमकी उद्या खंडेनवमी होती. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. एकदा कुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्यार उचलायचं नाही, ते झोपलं. पुष्कळ घरांत एखादा पान्हा मागं ठेवून काम भागवतात. पण मामा पुजाऱ्याचे नातू. सकाळी त्यांनी घरातलं झाडून सगळं लोखंड धुऊन पाटावर मांडलं. पान्हे, हातोडे, पक्कड, छिन्नी, अडकित्ता, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. गाडीखालचा जॅक उचलता येईना, म्हणून वाकून त्याला जागेवरच कुंकू लावलं. उत्साहाच्या भरात मामींची विळीसुद्धा नेऊन झोपवली. मग उठून उभे राहिले, डाव्या चाकाच्या रिकाम्या जागेकडं बघितलं आणि आपण काय करून बसलो हे त्यांच्या ध्यानात आलं. ते ओट्यावर बसले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना त्या खुंटीकडं सरळ बघताना पाहिलं. मला वाईट वाटलं, फार वाटलं.

मामी स्वयंपाकघराच्या दारात मेथी घेऊन बसल्या होत्या. त्या न बघताच म्हणाल्या, "काहून बसून राहिले?"

"हत्यारं झोपली गं."

"माझी विळीबी झोपवली तुमी. मी मेथी हातानं खुडूनच राहिले ना? तुमीबी हातानं काढा."

"हातात धरायला त काही पाहिजे! नुसता दांडा कसा धरावा?"

"चाक लावा की परत त्याला. दोन्ही हातानं धरून ओढा. चाकाला कुठं कुंकू लावलंय तुमी?"

मामांनी खात्री करून घेतली. चाकाला खरंच कुंकू नव्हतं. आम्ही चाक उचलून दांड्याच्या टोकाला अडकवलं. पान्हा झोपलेला, म्हणून नट बोटांनीच दोन-दोन आटे फिरवले. ते ढिलेच राहिले, आणि तिथंच खरी मौज झाली. चाक दोघांनी धरून ओढल्यावर ते त्या ढिल्या नटांवर असं काही आपटलं की चाकाचाच हातोडा झाला. ठण्ण! दांडा केसभर सरकला. मामांनी माझ्याकडं बघितलं, मी मामांकडं. नट घट्ट पिळायला पान्हा मिळाला असता तर आम्ही आजही ओढत बसलो असतो. मग काय, ठण्ण, ठण्ण, ठण्ण! शेजारचे ट्रॅक्टरवाले धावत आले, माझी बायको मोजायला लागली आणि तिनं पस्तीस म्हणायच्या आत दांडा सुटला. चाक, दांडा, मामा आणि मी असे सगळे मिळून शेजाऱ्यांनी वाळत घातलेल्या सोयाबीनमध्ये जाऊन पडलो. माझ्या दसऱ्याच्या नव्या शर्टावर काळं तेल, मामांच्या मिशीत सोयाबीनची टरफलं. पडल्या पडल्या ते ओरडले, "अगं, खण पिशवीतच हाय ना?"

दसऱ्याच्या पहाटे हत्यारांना नैवेद्य दाखवून त्यांना उठवलं. पाकिटं उघडली. दुपारी दोनपर्यंत नवे पाटे बसले, दांडे परत आत गेले, चाकं चढली, आणि संशयास्पद नटसुद्धा निर्दोष सुटला. चाचणीला वेळ नव्हता. मामी पिशवी घेऊन सावकाश मागं बसल्या आणि म्हणाल्या, "द्या तो तांब्या माझ्याकडं. बघू तुमचे पाटे." मामांनी स्वतः काठोकाठ भरून दिला. माझी बायको त्यांच्याजवळ बसली, मी पुढं. मामांनी गाडी इतकी हळू चालवली की मागून आलेली एक बैलगाडी आम्हाला ओलांडून गेली.

गाव सुटल्यावर एका खड्ड्यात चाक गेलं. मी वळून पाहिलं. मामींच्या मांडीवर चांगलं ओंजळभर पाणी सांडलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघून हलकेच मान हलवली आणि त्यावर पदर ओढला. दुसऱ्या खड्ड्यानंतर मामांनी विचारलं, "सांडलं का?"

"न्हाई," मामी म्हणाल्या. "घोटभर पेले मी."

गोरेगाव येईपर्यंत त्यांनी निदान सहा वेळा पाणी ‘पेलं’. पण उतरताना मी हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. कमरेवर एक हात ठेवून त्या आपल्या पायांनी देवळाच्या पायऱ्या चढल्या, आणि दारात उभी असलेली त्यांची वहिनी त्यांना बघून रडायलाच लागली. ओटी भरली गेली. गेल्या वर्षीचा खण यंदा देवीला पोचला.

संध्याकाळी मामांनी माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली. मी वाकून नमस्कार केला. उठवताना ते कानाशी म्हणाले, "गाडीला आरसा असतो, जावईबापू. हिची साडी ओली हाय, सगळं बघितलं मी. पण तिला सांगू नका. दिवाळीत समोरचे पाटे काढू."

परभणीला परततानाच्या रस्त्यावर माझी नवी गाडी कुठंच हिंदकळली नाही. मागच्या सीटवर पाण्याची बाटली होती, ती निमूट उभी होती, आणि तिच्याकडं पुन्हा पुन्हा बघून मला उगीच चुकल्यासारखं होत होतं. घरी आल्यावर बायकोनं तेलाचा तो शर्ट धुवायला मागितला. मी दिला नाही. दिवाळीच्या बॅगेत तोच सगळ्यांत खाली घडी करून ठेवला आहे.