गुंजेचा पाला

आप्पा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी निपाणीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला होते. दिवाळीला घरी जाऊन त्यांची माफी मागायची, असं ठरवलं होतं. दिवाळीला नऊ दिवस होते... आता महिना होत आला, म्हणून लिहून बघते.

आप्पा म्हणजे माझे थोरले काका. वडगावात आमचे दोन माग. त्यांच्या खडखडाटात दिवसभर ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे घसा कायम बसलेला. पण शनिवारच्या भजनात आप्पांचा आवाज मोकळा लागायचा. श्रेय ते परसातल्या गुंजेच्या वेलीला द्यायचे. चिंचेसारखी बारीक पानं, ज्येष्ठमधासारखी गोड. भजनाआधी प्रत्येकाच्या हातावर ते चिमूटभर पाला ठेवायचे.

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पहिल्या वर्षी पुस्तकात वाचलं, गुंज विषारी. सुट्टीला आले आणि शनिवारी भजनाआधी सगळ्यांसमोर आप्पांचा हात धरला.

"आप्पा, विष हाय हे!"

"व्हय गं? मग चाळीस वर्सं मी मरायचंच इसरलो म्हण की!"

सगळे हसले. मला ते लागलं. मी म्हणाले, "तुमी कुठं शाळा शिकलाय? तुमास्नी काय कळतंय?"

हसणं थांबलं. सकाळी मी परसात गेले, तर वेल मुळापासून कापलेली.

पुढच्या वर्षी सरांनी सांगितलं, जहाल विष बियांत असतं. पाला लोक घशासाठी चघळत आलेत, चीनमध्येही याच जातकुळीतली एक वेल औषधात वापरतात. मी वही मिटून बसले... फोनवर बोलायचं धाडस झालं नाही.

तेराव्यानंतर काकूंनी आप्पांचे सदरे आवरायला काढले. एका खिशातून वाळलेली बारीक पानं पडली.

"हिंडलग्यास्नं आणायचे, शेताच्या कुंपणावरनं," काकू म्हणाल्या. "तू आलीस की लपवायचे."

"मग घरची वेल का कापली?"

"मी बी तेच इचारलं. म्हणाले, घरातली पयली पोरगी पुस्तकातलं सांगाय लागलीया, चारचौघांत तिला खोटी कशी पाडू?"

तो सदरा मी मागून घेतला. वसतिगृहातल्या खोलीत खुंटीला आहे, धुतलेला नाही. परवा खिशातलं एक पान काढलं. त्या शनिवारी आप्पांनी माझ्याही हातावर पाला ठेवला होता, मी तो झटकून टाकला होता... हे पान मात्र गोडी संपेपर्यंत तोंडात धरलं.