धरून ठेवलेली जागा

"मेजर डिप्रेशन," डॉक्टर बाई म्हणाल्या. म्हणजे तीव्र नैराश्य. नुसती उदासी नव्हे, औषध लागणारा आजार. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, सगळे रिपोर्ट चांगले आले होते. शेजारी आई बसली होती, राधानगरीहून पहिल्या एसटीनं आलेली. थायरॉइड निघालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. खरं सांगायचं तर मलाही.

मग त्यांनी सरळ विचारलं, "जगू नये असं वाटतं का?" मी हो म्हणाले. आईनं पदर तोंडाला लावला. ते आठवलं की मला आजही सोसत नाही.

"दिवसभरात कुणाशी बोलतेस?" हा पुढचा प्रश्न. मी आठवत बसले. एकही नाव येईना.

मी विद्यापीठात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वसतिगृहात खाली मोठा हॉल आहे. पहिल्या वर्षी तिथं कॅरम होता, टीव्ही होता, चॅनेलवरून भांडणं होती. मग अभ्यासाला जागा पुरत नाही म्हणून मुलींनीच अर्ज केला. त्यावर माझीही सही आहे. हॉलची अभ्यासिका झाली. दोन टेबलांमध्ये प्लायवूडच्या फळ्या आल्या, भिंतीवर 'बोलू नये' असा बोर्ड लागला.

तिथं सकाळी सहालाच रांग लागे. जी आधी जाईल तिनं मैत्रिणीची जागा धरायची, हा आमचा रिवाज. खुर्चीवर ओढणी, टेबलावर पाण्याची बाटली. माझी ओढणी आणि जादाची बाटली कायम माझ्या मैत्रिणीकडे, तेजूकडेच असायची.

दिवाळीनंतर आधी माझी झोप गेली, मग भूक. वाचलेली ओळ डोक्यात टिकेना. हा आजार आहे हे कळलंच नाही. आपण आळशी झालो, असं म्हणत स्वतःला शिव्या घालत पडून राहिले. रूम पार्टनर प्रोजेक्टसाठी बाहेरगावी होती. सकाळी तेजूचा मेसेज यायचा, 'जागा धरलीय.' मी 'आले' लिहायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे.

तेजू तिच्या फळीआड बसायची. येता-जाता बाटली दिसायची, तिला वाटायचं मी चहाला गेले असेन. बाकीच्यांनाही तेच वाटायचं. नऊ दिवस मी खोलीत पडून होते आणि अभ्यासिकेत हजर होते.

मेसचा डबा दाराशी येतो. नवव्या दिवशी मेसच्या मावशींनी दार बडवलं. "तीन दिस झालं, भरला डबा माघारी येतूय. जित्ती हाईस न्हवं? दार उघड की."

मी उघडलं. मला बघून मावशी खाली बसल्या आणि त्यांनी आईचा नंबर मागितला.

"गोळीचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. आपल्या मनानं बंद करायची नाही," डॉक्टर म्हणाल्या. पहिले पंधरा दिवस नुसती मळमळ. तपासणीच्या दिवशी ओपीडीच्या बाकड्यावर खेटून बसावं लागे. कुरुंदवाडच्या एक आजी विचारायच्या, "तुजं बी त्वांड कडू पडतंय व्हय गं?" त्या बाकड्यावर मी कितीतरी दिवसांनी कुणाशी सलग बोलले.

तेजू भेटायला आली ती रडतच. "एक दिवस बी तुजी जागा सोडली न्हाय गं मी." खरंच होतं ते.

हॉलमुळे आजार झाला असं डॉक्टर म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. पण आजाराला लपायला तिथं आयती जागा मिळाली. तुम्ही कुणाची जागा धरत असाल तर दुपारी एकदा उठून ती कुठं आहे ते बघा. आणि तुम्हीच पडून असाल, तर 'आले' लिहू नका. 'उठवत नाही' असं लिहा.

सत्र वाया गेलं. गोळी चालू आहे. काही दिवस अजून वाईट जातात. कॅरम परत मागायचा अर्ज मी केलाय, चार सह्या झाल्यात.

तेजू आता माझी बाटली नेत नाही. आधी दार वाजवते, मी उठेपर्यंत थांबते. तोवर जागा गेलेल्या असतात. मग आम्ही मेसच्या पायरीवर मावशींपाशी लसूण सोलत बसतो.