श्रीदेवीच्या कॉम्प्युटरचा वाढवलेला वेग

उमरग्याजवळच्या मुरूम गावात लग्नाचं शूटिंग करणारे बरेच आहेत. पण दुपारी अक्षता पडल्या आणि पाठवणीच्या आधी त्याच मांडवात त्याच लग्नाची फिल्म पडद्यावर, हे काम करणारी एकटी श्रीदेवी. तिचा नवरा राजशेखर कॅमेरा चालवतो. श्रीदेवी मंगल कार्यालयातल्या एखाद्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून बसते आणि आलेलं शूटिंग कापत, जोडत, गाणी घालत फिल्म तयार करते.

हा कॉम्प्युटर तिनं सोलापूरहून सुटे भाग आणून स्वतः जोडलेला. सुरुवातीला त्याच्याकडून फिल्म वेळेत होत नसे. वऱ्हाड गाडीत बसायचं आणि हिची फिल्म अजून अर्धी. मग तिनं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं, की प्रोसेसरचा वेग कंपनीनं ठरवलेल्या आकड्याच्या वर नेता येतो. त्यासाठी थोडं व्होल्टेजही वाढवावं लागतं. तिनं वाढवलं. आधी मशीन सुरूच होईना. तिनं आकडे जरा खाली, जरा वर असं करत जमवलं, वर मोठा पंखा बसवला आणि मशीन जे पळायला लागलं ते विचारू नका.

पहिल्यांदा तशी फिल्म दाखवली तेव्हा नवरीच्या आत्या पडद्यावर स्वतःला रडताना बघून पुन्हा रडल्या. त्यानंतर उमरगा, लोहारा, पलीकडं कर्नाटकातल्या आळंदपर्यंत श्रीदेवीला बोलावणी येऊ लागली. राजशेखर कुणालाही अभिमानानं सांगायचा, "आमच्या हिनं कॉम्प्युटरला पंख लावलेत."

तीन-चार लग्नसराया छान गेल्या. मग एका मार्चमध्ये, सालेगावच्या लग्नात, फिल्म तयार होता होता कॉम्प्युटरचा पडदा निळा झाला आणि मशीन आपोआप बंद पडून सुरू झालं. श्रीदेवीला वाटलं, कार्यालयाची लाइट कमीजास्त झाली असेल. पुढच्या आठवड्यात घरी, चांगल्या लाइटवर, तेच.

तिनं पंखा साफ केला. त्यातून निघालेली धूळ बघून राजशेखर म्हणाला, "एवढ्या मातीत कोथिंबीर उगवंल." प्रोसेसरची गरमी पंख्याकडं नेणारा लेप वाळला होता, तो पुसून तिनं नवा लावला. मशीन थंड राहू लागलं, पण बंद पडायचं थांबलं नाही. विंडोज नव्यानं टाकून पाहिलं, मेमरी बदलून पाहिली. शेवटी तिनं व्होल्टेज आणखी थोडं वाढवलं आणि काय आश्चर्य, मशीन तरतरीत! तिनं त्या दिवशी घरात शिरा केला.

दिवाळीनंतरच्या लग्नांपर्यंत तो तरतरीतपणा टिकला. मग पुन्हा निळा पडदा, आणि आता पहिल्यापेक्षा लवकर लवकर.

तंत्रनिकेतनात श्रीदेवीच्या वर्गात कृष्णराज नावाचा मुलगा होता. तो आता बेंगळुरूला चिप तपासण्याच्या कामात आहे. तिनं त्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो आधी हसला.

"तुझं मशीन म्हातारं झालं गं. वेळेच्या आधी."

"म्हातारं? त्यात हलणारं काय हाय झिजायला?"

"वीज हलती की. चिपच्या पोटात डोळ्याला दिसणार न्हाईत इतक्या बारीक तारा असत्यात. वीज वाहताना त्या धातूचे कण हळूहळू पुढं ढकलत जाती. आणि आत जे बारके बारके स्विच उघडझाप करत्यात, तेबी थकत्यात, मंद होत्यात. व्होल्टेज जास्त, गरमी जास्त, की हे सगळं भराभर होतंय."

"मग सगळ्यांचेच कॉम्प्युटर बंद पडायला पायजेत."

"कंपनीला हे म्हाईत असतंय. म्हणून चिप जेवढी पळू शकती त्याच्या जरा खालचाच वेग ठरवून देत्यात. पुढं थकली तरी तेवढं काम निभंल, अशी जागा सोडत्यात. तू ती जागा पहिल्या दिवशीच वापरून टाकलीस. आता एखादा स्विच कणभर उशीर करतो, गणित चुकतं, आणि मशीन अडतं."

श्रीदेवी म्हणाली, "पण म्या व्होल्टेज वाढवलं तेव्हा तर बरं झालं होतं!"

"होणारच. जोर लावला की थकलेला स्विचबी पळतो. पण त्याच जोरानं अजून लवकर थकतो. आता ऐक, दोन्ही आकडे कंपनीचे होते तिथं आण. बहुतेक बिनघोर चालंल."

फोन ठेवल्यावर तिला पटलं होतं, पण करवेना. लोक तिला बोलावत ते वेगासाठी. आणि उमरग्याच्या कल्याणप्पांच्या मुलीचं, महेश्वरीचं लग्न तोंडावर आलं होतं. कल्याणप्पा कापडाचे व्यापारी. निम्मे पाहुणे कर्नाटकातले, आणि प्रत्येकाला त्यांनी सांगून ठेवलेलं, "जेवून लगेच निघू नका, फिल्म बघूनच जायचं." एवढं लग्न होऊ दे, मग बघू, असं तिनं ठरवलं.

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या, गव्हाच्या गोड हुग्गीवर तुपाची धार पडली, पंगती उठू लागल्या. मागच्या खोलीत श्रीदेवीची फिल्म जोडून झाली होती. फक्त मशीननं ती शिजवून एकसंध करून द्यायची राहिली होती. पडदा निळा झाला. तिनं पुन्हा सुरू केलं. पुन्हा निळा.

राजशेखर घाम पुसत आत आला. "खुर्च्या मांडून झाल्या. लोक बसायलेत."

श्रीदेवीनं हात मांडीवर ठेवले. व्होल्टेज आणखी वाढवावं, हा मोह होता. बोटं तिथपर्यंत गेलीसुद्धा. मग तिनं मशीन बंद करून सुरू केलं आणि वेग, व्होल्टेज, दोन्ही कंपनीच्या मूळ आकड्यांवर आणून सोडले. फिल्मचं काम पुन्हा लावलं. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली, पण सरकू लागली.

"आता हे अडणार न्हाय," ती म्हणाली, "पण वेळ लागंल. तवर तुम्ही कॅमेराच पडद्याला जोडा. सकाळपासनं जे घेतलंय ते तसंच दाखवा."

"तसंच? ना गाणं ना काही?"

"मग तुम्ही बोला की माईकवर."

राजशेखर माईक घेऊन उभा राहिला आणि दोन वाक्यांत संपला. पहिल्या रांगेत महेश्वरीची आजी, शिवम्मा, बसली होती. तिनं हात पुढं केला. "आण इकडं. तुला कोण कुणाचं म्हाईत न्हाय, तू काय सांगणार?"

पडद्यावर हळदीचा प्रसंग होता. शिवम्मा अर्धं मराठी, अर्धं कानडी असं सुरू झाली. "ही माझी धाकटी सून. हळद नवरीला कमी, स्वतःलाच जास्त लावायली बघा. आणि हे मागं उभे ते नवऱ्याचे मामा. मांडवात आल्यापास्नं हुग्गीच्या पातेल्यावरनं नजर हटली न्हाय त्यांची. मामा, मिळाली का न्हाय पोटभर?"

मामांनी खुर्चीतून उठून दोन्ही हात जोडले आणि मांडवात हशा पिकला. स्वयंपाकी झारा हातात घेऊन बघायला आले. गाडी काढायला निघालेले आळंदचे पाहुणे परत येऊन उभे राहिले. महेश्वरी शालू सावरत इतकी हसली, की शेजारी बसलेल्या नवरदेवानं तिला पाणी दिलं. त्यावरही शिवम्मा बोललीच. "व्हय पोरी, आतापास्नंच सवय लाव त्याला!"

मागच्या खोलीत श्रीदेवीला फक्त हशा ऐकू येत होता. ती पट्टीकडं बघत होती. पट्टी शेवटाला टेकली. मशीन एकदाही अडलं नव्हतं.

मग खरी फिल्म लागली. गाणी होती, फुलं होती, कन्यादानाचं ओलं वातावरण होतं. सगळ्यांनी ती कौतुकानं पाहिली, डोळे टिपले. आणि संपल्यावर कल्याणप्पा श्रीदेवीजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, ही द्याच. पण आमच्या अव्वाचं, आईचं बोलणं, ते रेकॉर्ड झालं का?"

झालं होतं. राजशेखरनं माईकच्या आवाजाचं रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं.

श्रीदेवी आता मशीन कंपनीच्याच वेगानं चालवते. फिल्म पडद्यावर यायला पूर्वीपेक्षा उशीर होतो. तेवढ्या वेळात घरातलं कुणीतरी बोलकं माणूस माईक घेऊन बसतं, आणि ते माणूस कोण हे ठरवायला ती लग्नाच्या आधीच त्या घरी चहाला जाऊन येते. परवा आळंदहून एका नवरीच्या वडिलांचा फोन आला. त्यांच्या घरात बोलकं कुणीच नव्हतं म्हणे. उमरग्याच्या त्या आजी मिळतील का?

श्रीदेवीनं शिवम्माला विचारलं. आजीनं एकच अट घातली. गाडीत पुढची सीट पाहिजे, खिडकीची.